पोरखेळ म्हणणारांस

जपानी चित्रकथांतील वीर घेऊन रचलेल्या द्वंद्वखेळांविषयीं आपल्याकडील शिष्ट मंडळींचें मत ठरून गेलें आहे. आणि ज्यांनीं तें ठरविलें त्यांपैकीं बहुतेकांनीं असा एकहि खेळ पाहिलेला नाहीं, ही गोष्ट त्या मताच्या ठामपणास पोषकच झालेली दिसते. हे खेळ म्हणजे पोरखेळ. बटणें बडविण्यापलीकडे त्यांत कौशल्य नाहीं. एक वीर, एक राक्षस, दोन आरोळ्या आणि डोळे दिपविणारा लखलखाट एवढ्यांत खेळ आटोपतो. कथा तर ज्याला त्याला आधींच पाठ. आणि जो पंचवीस-तीस वर्षांचा तरुण असल्या खेळापुढें रात्र रात्र बसतो त्याची रसिकता अजून पाळण्यांतून खालीं उतरलेली नाहीं, असा हा अभिप्राय आहे. नुसत्या खेळांपुरता हा अभिप्राय असता तर आम्हीं तो ऐकून सोडून दिला असता. जग पुष्कळ खेळांस नांवें ठेवतें आणि खेळ चालूच राहतात. परंतु ह्या अभिप्रायाच्या पोटांत रसिकतेची एक व्याख्या दडलेली आहे, आणि ती खरी मानली तर आपल्या गोंधळापासून बालगंधर्वांच्या नाटकापर्यंत रसिक म्हणून कोणी शिल्लकच राहात नाहीं. तेव्हां ह्या मंडळींशीं दोन हात करणें भाग आहे.

ज्या वाचकांस हा विषय सर्वस्वी नवा आहे त्यांच्यासाठीं थोडें सांगितलें पाहिजे. 'ड्रॅगन बॉल' ही अकिरा तोरियामा ह्यांची चित्रकथा १९८४ सालीं एका जपानी साप्ताहिकांत सुरू झाली व १९९५ सालीं संपली. तिजवरून हालत्या चित्रांच्या मालिका निघाल्या. त्या 'कार्टून नेटवर्क'वरून हिंदी बोलत आपल्या घरांत आल्या, आणि आज जे तिशीच्या आसपास आहेत त्यांपैकीं कित्येकांनीं शाळेचें दप्तर बाजूस टाकून त्या पाहिल्या. तोरियामा १ मार्च २०२४ रोजीं वारले. त्यांचा नायक गोकू मात्र अजून लढतोच आहे. ह्या गोकूचें नांवहि मूळचें त्याचें नव्हे. सोळाव्या शतकांतील 'पश्चिमयात्रा' ह्या चिनी कादंबरींत एक वानरवीर आहे, त्याच्या नांवाचा हा जपानी उच्चार. आणि तो वानर ज्या भिक्षूच्या सोबतीस निघाला तो भिक्षु धर्मग्रंथ आणावयास निघाला होता आपल्याच देशाकडे. तेव्हां 'परदेशी थेरें' म्हणून नाक मुरडणारांनीं तें जरा जपून मुरडावें. असो. अशा कथांतले वीर घेऊन हे खेळ रचतात. पडद्यावर दोन वीर समोरासमोर उभे राहतात; प्रत्येकाच्या प्राणशक्तीची एक पट्टी वर आंखलेली असते; प्रहार, बचाव, झेंप आणि त्या त्या वीराचें ठरलेलें अस्त्र ह्यांच्या योगानें जो दुसऱ्याची पट्टी संपवील तो जिंकला. 'ड्रॅगन बॉल', 'नारुतो', 'वन पंच मॅन', 'डीमन स्लेयर' अशा कित्येक गाजलेल्या कथांवर असे खेळ निघाले आहेत.

पहिला आरोप असा कीं, ज्या कथेचा शेवट ठाऊक आहे ती पुन्हां पुन्हां खेळण्यांत स्वारस्य तें काय? हा प्रश्न विचारणारानें एकदां माहूरास जावें.

माहूरच्या गडावर रेणुकेची पूर्ण मूर्ति नाहीं, मुखच आहे, आणि मुखच कां, ह्याची कथा त्या डोंगरांतल्या लहान पोरासहि माहीत असते. सहस्रार्जुनानें कामधेनूच्या लोभानें जमदग्नीचा वध केला. रेणुकेच्या अंगावर एकवीस घाव पडले. परशुरामानें कावडीच्या एका बाजूस पित्याचा देह व दुसऱ्या बाजूस आई घेतली आणि कोरी भूमि शोधीत तो येथें आला. दत्तात्रेयांनीं आचार्यपण केलें; आई सती गेली. पुत्राचा शोक अनावर झाला तेव्हां आकाशवाणी झाली कीं, तुझी आई भूमींतून वर येऊन तुला दर्शन देईल, मात्र तूं मागें वळून पाहूं नकोस. त्यानें पाहिलें. तोंवर मुखच तेवढें वर आलें होतें. रेणुराई गोंधळी संबळाच्या ठेक्यावर हें आख्यान लावतो, तेव्हां दिवटीच्या उजेडांत बसलेल्यांपैकीं परशुराम मागें पाहणार हें न जाणणारा एकहि श्रोता नसतो. तरीहि तो क्षण जवळ येऊं लागला म्हणजे सगळी बैठक श्वास धरते, आणि एखादी म्हातारी 'नको रे बाबा' असें पुटपुटतेच. पुढें काय होणार ह्या कुतूहलावर जगणारा रस एकदांच मिळतो. ठाऊक असलेली घटका पुन्हां येऊन ठेपली, ह्या जाणिवेवर जगणारा रस आटत नाहीं. आमच्या शिष्टांस हें कळत नाहीं असेंहि नाहीं. गोंधळास ते 'लोककला' म्हणून गौरवितात, त्यावर व्याख्यानें देतात. मात्र तीच वृत्ति त्यांच्या स्वतःच्या मुलाच्या ठायीं दिसली कीं ते तिला आळस म्हणतात.

येथें कोणी कान टवकारून म्हणेल कीं, देवीच्या आख्यानाशीं पोरांच्या खेळाची तुलना करितां काय? तर तशी आम्ही करीत नाहीं. रेणुका ती रेणुका आणि गोकू तो गोकू. आम्ही तुलना करीत आहों ती श्रोत्यांची. आणि मनुष्याचें मन गडावर एक व गडाखालीं दुसरें असें असत नाहीं.

'ड्रॅगन बॉल फायटरझेड' हा खेळ आर्क सिस्टीम वर्क्स ह्या जपानी कंपनीनें २०१८ सालीं रचला. त्यांत एक योजना आहे, तिजकडे आम्ही वाचकांचें लक्ष मुद्दाम वेधतों. मूळ कथेंत नामेक नांवाच्या ग्रहावर फ्रीझा नामक दुष्ट गोकूच्या जिवलग मित्रास त्याच्या डोळ्यांदेखत मारतो, आणि त्या संतापांत गोकूचे काळे केंस सोन्यासारखे उजळून तो निराळाच पुरुष होतो. आतां ह्या खेळांत शेवटीं समोरासमोर हेच दोघे उरले, रणांगण नामेकचें असलें, आणि शेवटचा घाव विवक्षित रीतीनें बसला, तर खेळ आपला नेहमींचा शेवट बाजूस सारतो आणि मालिकेंतल्या ह्या दोघांच्या द्वंद्वाचा शेवट रेघ न रेघ समोर उभा करतो. दुसरें रणांगण निवडलें तर हा प्रसंग येत नाहीं. कोणी म्हणेल, रणांगण म्हणजे पाठीमागचें चित्र. त्यानें काय बिघडतें? गेल्या नवरात्रांत गडाखालीं एका चहाच्या टपरीवर तीन मुलें एका मोबाईलवर वाकून बसलेलीं आम्हीं पाहिलीं. जुन्या हातयंत्रावरचा ड्रॅगन बॉलचा एक खेळ कांहीं युक्तीनें त्यांनीं मोबाईलवर चालविला होता आणि आळीपाळीनें तीं तो खेळत होतीं. तीच जोडी, तोच नामेक, आमच्यादेखत चार वेळां. जागा बदलून कां पाहात नाहीं, असें आम्हीं विचारलें. त्यांतला थोरला मान वर न करतां म्हणाला, "नाही काका, ते तिथंच झालं ना. दुसरीकडं कसं होईल?" त्याच वेळीं आमच्या पाठीमागून बाया-बापड्यांची रांग गड चढत होती. रेणुकेचें नांव घरच्या देव्हाऱ्यापुढेंहि घेतां येतें; तरी लोक नांदेडहून, यवतमाळाहून, आंध्र-तेलंगणांतून येऊन त्या पायऱ्या चढतात, कारण तें तेथें झालें. स्थळ आणि प्रसंग ह्यांची गांठ किती घट्ट असते हें ज्या मुलास उमगलें आहे, त्याची रसिकता पाळण्यांत आहे असें म्हणणारानें आपली कोठें आहे तें एकदां तपासून पाहावें.

आणि हें कांहीं डोंगरांतल्या भाविकांपुरतेंच नाहीं. १९१६ सालीं खाडिलकरांचें 'स्वयंवर' रंगभूमीवर आलें. रुक्मिणीस कृष्ण मिळतो कीं नाहीं ह्या काळजीनें त्याचें तिकीट कोणीं काढलें असेल असें आम्हांस वाटत नाहीं. तेंच नाटक, तेच बालगंधर्व, तींच पदें, आणि पद संपतां संपतां थिएटरांतून उठणारा 'वन्स मोअर'! एकेका पदास तो कितीदां मिळाला ह्याच्या आठवणी सांगतांना आमच्या आजोबांचे डोळे पाणावत. त्या आजोबांस कोणी पोरकट म्हटलें नाहीं. त्यांच्या रसिकतेचे आपण पोवाडे गातों. मग नातवाच्या हातांतला 'वन्स मोअर' काय म्हणून हिणकस? फरक इतकाच कीं, आजोबांचा गळ्यांत होता व नातवाचा आंगठ्यांत आहे. आजोबांस तें पद पुन्हां मिळवावयास नुसतें ओरडावें लागे. नातवास त्यासाठीं आधीं लढून जिंकावें लागतें.

हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. आख्यानांत, नाटकांत श्रोता पाहात बसतो. खेळांत हात घालावा लागतो, आणि हात घातला कीं कथा हरण्याचा संभव उत्पन्न होतो. फ्रीझाहि जिंकूं शकतो. जें अटळ म्हणून बालपणीं पाहिलें तें आतां आपल्या हातून निसटूं शकतें. तें निसटूं न देणें ही एक प्रकारची सेवाच होय. उलट कित्येकांस तें निसटावें असेंच वाटतें, आणि त्यांतहि प्रेमच असतें. ह्याच कथेंत याम्चा नांवाचा एक दुबळा वीर आहे. एक क्षुद्र हिरवा जीव त्याला मिठी मारून स्वतःचा स्फोट करतो आणि हा मरतो. खड्ड्यांत अंग आखडून पडलेलें त्याचें तें चित्र जगभर थट्टेचा विषय होऊन बसलें आहे. फायटरझेडमध्यें तोहि प्रसंग ठेवला आहे. परंतु त्याच खेळांत असे भक्त आहेत कीं जे हट्टानें ह्या याम्चासच हातीं धरतात आणि त्याच्याकरवीं मोठमोठ्या दैत्यांस लोळवितात. हें वेड कोणतें, असें विचारणारा मराठी मनुष्य असेल तर त्यानें आपलें पुस्तकांचें कपाट उघडावें. 'मृत्युंजय' १९६७ सालीं आलें, 'राधेय' १९७३ सालीं. व्यासांनीं ज्याचें चाक जमिनींत रुतविलें त्या कर्णास वर काढण्यासाठीं मराठी वाचकांनीं जेवढा जीव टाकला तेवढा जिंकलेल्या अर्जुनासाठीं टाकला आहे काय? (कर्णहि ह्याच परशुरामाचा शिष्य, ऐन वेळीं विद्या आठवूं नये असा शाप त्याला गुरूंनींच दिला.) कथेनें ज्याला न्याय दिला नाहीं त्याचा कैवार घेण्याची ही वृत्ति आपण साहित्यांत उदात्त मानतों. २०२४ सालच्या 'स्पार्किंग! झीरो' ह्या खेळांत तर 'असें झालें असतें तर' ह्याच्या वाटाच आंखून ठेवल्या आहेत. त्या खेळांत आरंभींच १८२ वीर होते, आणि त्यांत एकट्या गोकूचींच कितीतरी रूपें. ह्यावर हांसूं येणें साहजिक आहे, आम्हांसहि आलें. पण गोकुळांतला कृष्ण आणि कुरुक्षेत्रावरचा कृष्ण हे एकच होत म्हणून दोहोंची एकच मूर्ति पुरे, असें आपण म्हणत नाहीं.

आतां ह्या खेळांचे जे कैवारी आहेत त्यांच्याकडे वळूं. त्यांचें म्हणणें असें कीं, हे खेळ म्हणजे कसबाचें काम आहे. त्यांत क्षणाचाहि दहावा भाग मोजावा लागतो. २०१८ सालीं लास वेगास येथील 'ईव्हो' स्पर्धेंत ह्याच फायटरझेडची अंतिम लढत झाली, अमेरिकेच्या सॉनिकफॉक्सनें जपानच्या गो-वन ह्यास हरविलें, आणि हजारों लोकांनीं तें पाहिलें. आपल्या संसदेनेंहि ऑगस्ट २०२५ मध्यें कायदा करून पैसे लावून खेळण्याचे ऑनलाइन खेळ निषिद्ध ठरविले आणि ई-क्रीडेस मान्यता दिली. हें सारें खरें आहे, पण कैफियत म्हणून ती लाजिरवाणी आहे. 'आमचें प्रेम क्षम्य आहे, कारण त्यांत मेहनत आहे', असें ज्यास म्हणावें लागतें त्यानें शत्रूचा मुद्दा आधींच कबूल केला. शिवाय ह्या कसबी मंडळींतलेच पुष्कळजण साध्या भक्तांस खालीं लेखतात. मोकळ्या रिंगणांत चौफेर धांवत खेळण्याचे जे खेळ आहेत, नारुतोचे किंवा डीमन स्लेयरचे, त्यांत खोली नाहीं, तीं नुसतीं शोभेचीं दारूकामें आहेत, असें त्यांचें म्हणणें. म्हणजे बिचाऱ्या भक्तास घरांत बाप बोलतो आणि खेळाच्या आखाड्यांत पहिलवान बोलतो. दोघांचा दोष एकच: आपल्यास जें हवें तें ह्याला कां नको, असें दोघेहि विचारतात, ह्याला काय हवें आहे तें कोणीच विचारीत नाहीं.

ह्याला हवा आहे तो त्या वीराचा स्वभाव, आणि तो बोलण्यांत नव्हे, प्रहारांत. ह्या खेळांची परीक्षा आम्ही ह्याच कसोटीवर करूं. 'वन पंच मॅन'मधील साईतामा हा असा पुरुष आहे कीं, तो कोणासहि एकाच ठोशांत संपवितो आणि त्यामुळेंच कंटाळलेला असतो. अशा मनुष्यास घेऊन द्वंद्वाचा खेळ रचावयाचा कसा? दुसऱ्या कोणीं त्याची शक्ति कमी करून सर्वांच्या पंक्तीस बसविला असता. स्पाइक चुन्सॉफ्टनें २०२० सालच्या खेळांत तसें केलें नाहीं. साईतामा आरंभीं रणांगणावर नसतोच. तो वाटेंत असतो. त्याच्या सोबत्यांनीं मार खात, झुंजत, तो येईपर्यंत तग धरावयाचा. तो येतो, एक ठोसा मारतो, आणि लढाई संपते. मूळ कथेचें मर्म, थोरांच्या उशिरां येण्यावर लहानांनीं काढलेले ते कठीण क्षण, खेळाच्या नियमांत उतरलें आहे. त्या खेळाची बाकीची घडण सामान्यच आहे; पण हा एक नियम मोठमोठ्या परीक्षणांहून अधिक मार्मिक आहे. तसेंच २०१६ सालच्या नारुतोच्या खेळांत शेवटच्या द्वंद्वांत दोघे मित्र सगळी विद्या संपल्यावर नुसत्या मुठींनीं, अडखळत, एकमेकांस मारीत राहतात. खेळणारास मोठमोठ्या अस्त्रांची चटक लावून ऐन शेवटीं तीं काढून घेतलीं आहेत. आणि उलट बाजूस २०१९ सालचा 'जंप फोर्स' पाहावा. एका साप्ताहिकाच्या कुळांतले सगळे नामांकित वीर गोळा केले, त्यांच्या अंगास खऱ्या माणसासारखी कातडी चढविली, आणि जेथून तेथून एकच तऱ्हा. गोकूचा ठोसा आणि दुसऱ्या कोणाचा ठोसा ह्यांत अंतर उरलें नाहीं. भक्तांनीं त्या खेळास हांसून नांवें ठेविलीं. नांव छापलें कीं हे लोक कशासहि वाहवा म्हणतात, असें म्हणणारांस हें उत्तर पुरे.

मात्र ह्या भक्तीचा व्यापार करणारांविषयीं आम्हांस मुळींच कळवळा नाहीं. अर्धे वीर खेळांत द्यावयाचे आणि उरलेले पुढें एकेक करून वेगळे विकावयाचे, ही रीत आतां रूढच झाली आहे. आणि 'जंप फोर्स' तर फेब्रुवारी २०२२ मध्यें विक्रीतूनच काढून टाकण्यांत आला. त्याच वर्षीं त्याच्या कित्येक ऑनलाइन सोयीहि बंद झाल्या. वाईट खेळ होता हें खरें. पण वाईट नाटकाची संहिताहि कोठें तरी कपाटांत राहते. गोंधळ्यानें आख्यान लावावयाचें तर कोणाची सनद लागत नाहीं. रेणुकेची कथा कोणा मंडळीची मालमत्ता नाहीं, ती कोणास बाजारांतून काढून घेतां येत नाहीं. गोकूची कथा आहे व ती काढून घेतां येते. ह्या पोरांनीं ज्यावर जीव लावला तें दुसऱ्याच्या कुलपांत आहे, ही ह्या प्रकरणांतली खरी चिंतेची गोष्ट. त्यांच्या वडिलांनीं रागवावें तर ह्यावर रागवावें. पण इतकी माहिती करून घेण्यापेक्षां 'पोरखेळ' म्हणणें सोपें.

आणि मराठी मासिकांचें काय? आम्ही नाटकाचें परीक्षण करतों, चित्रपटाचें करतों, पाकशास्त्राच्या पुस्तकाचेंहि करतों. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स ह्या मंडळीनें २०२० सालीं 'राजी' हा खेळ काढला. भावास शोधीत निघालेली एक मुलगी, तिजवर दुर्गेचा वरदहस्त, आणि कथा सांगावयास प्रत्यक्ष दुर्गा व विष्णु. एखाद्या सुमार नाटकास मिळतात तेवढीं पानें त्यास मिळालेलीं आमच्या पाहण्यांत नाहींत. परिणाम असा कीं, जो मुलगा टपरीवर 'ते तिथंच झालं ना' एवढें मार्मिक बोलतो, त्याला त्यापुढचें वाक्य मराठींत सांपडत नाहीं. पुढचें सारें तो इंग्रजींत वाचतो, हिंदींत भांडतो, आणि मराठींत त्याच्या कानीं पडतात त्या शिव्या. उद्यां ह्याच मुलांपैकीं कोणी खेळ रचूं लागला तर तो काय रचील? नामेकची नक्कलच रचील. कारण त्याचें प्रेम आणि त्याच्या घरची कथा ह्यांचा कधीं परिचयच कोणीं करून दिलेला नसेल.

वास्तविक माहूरच्या डोंगरांत ह्या विद्येस लागणारी सगळी सामग्री पडून आहे. सहस्रार्जुनास हजार हात दिले ते दत्तात्रेयांनीं. आणि तेच दत्तात्रेय रेणुकेच्या अंत्यविधीस आचार्य होऊन बसले. वर देणारा आणि त्या वरानें घडलेल्या अनर्थाचें उत्तरकार्य करणारा एकच, आणि दोघांचीं शिखरें समोरासमोर! हजार हातांचा शत्रु दोन आंगठ्यांनीं कसा खेळवावा, त्याचा एकेक हात तुटतांना खेळणारास आपलाच लोभ तुटल्यासारखा कसा वाटावा, एकवीस घावांस एकवीस फेऱ्या कशा उत्तर देतील, हे प्रश्न साईतामाच्या प्रश्नाहून सोपे नाहींत व हलकेहि नाहींत. आणि सगळी युद्धें संपल्यावर शेवटचा प्रसंग. परशुराम पाठ फिरवून उभा आहे. मागें जमीन हालूं लागली आहे. येथें मारावयाचें कोणास नाहीं, बटण दाबावयाचें नाहीं. आंगठा उचलून नुसतें थांबावयाचें. ज्याला कथा मुळींच ठाऊक नाहीं असा एखादा परका कदाचित् थांबेलहि. माहूरच्या मुलाचा आंगठा मात्र हालणार.